मीटरने दिलेला संदर्भ

प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत डॉ. मृण्मयी खांबेटे यांच्या शोधनिबंधांना इतरांनी दिलेले संदर्भ मोजले गेले. अर्थशास्त्रात सात निघाले, अभियांत्रिकीत नऊ.

"बाई, तुमचं धड इकडे नाही, धड तिकडे नाही," अध्यक्ष गुळवणी म्हणाले.

तेवढ्यात एसी बंद पडला आणि भिंतीवरचा वीजमीटर बोलू लागला. आपला निर्णय कुणाच्या संशोधनावर घेतला, हे आता प्रत्येक यंत्राला कायद्यानं सांगावंच लागे.

"शहरात वीज कमी आहे. या खोलीची वीज प्रसूतिगृहाला दिली आहे. आधार: मृण्मयी खांबेटे, 'टंचाईत वीज आधी कुणाला'."

गुळवणींनी घाम पुसला. "यंत्रांचे संदर्भ आपण धरतो का?"

"नियमात आहे, सर. यंत्रांचा रकाना कुणी उघडतच नाही," असं म्हणत लिपिकबाईंनी टॅबवर तो उघडला. एकतीस लाख. आकडा अजून चढतच होता.

गुळवणींनी टॅब बाजूला सारला. "निदान एसी तरी चालू करता येईल?"

"येईल की," मृण्मयी म्हणाल्या. "पण मीटरला माझा निबंध खोडून काढणारा निबंध दाखवावा लागेल."

गुळवणींनी स्वतः उठून खिडकी उघडली आणि नेमणुकीवर सही केली.