हेरंबचा धूसर चेहरा

मृदुलाने कपाळावरचा पट्टा पुन्हा घट्ट केला, तरी गेलेल्या नवऱ्याचा, हेरंबचा, चेहरा पडद्यावर धूसरच. दुरुस्तीवाल्या कामतांनी केबल बदलली, मग दुसरा पडदा जोडून पाहिला. फरक शून्य.

“कॉम्प्युटर ठीक आहे, ताई,” ते चाचरत म्हणाले. “तो चित्र पट्टा लावणाऱ्याच्या आठवणीतूनच काढतो ना. पट्टा दुसऱ्या कुणाला लावून बघू या?”

सासूबाईंनी पट्टा बांधला आणि हेरंब लख्ख उमटला, हनुवटीवरच्या व्रणासकट.

“आई, दिवसभर लेकीमागे धावताना आठवायला फुरसत...” मृदुला पुटपुटली.

“दोनच वर्षं झाली गं त्याला जाऊन.” सासूबाईंनी नातीला मांडीवर ओढलं. “ये बाळा, तुला बाबा मी दाखवते.”

मृदुला जुनी, धडधाकट केबल गुंडाळत बसली.