बोलायची फेरी

"एक पोतं, एक सुतळी, दोन माणसं," मिलच्या माणसांचा वर्ग घ्यायला नागपूरहून आलेले साहेब म्हणाले. "प्रत्येकानं एकच हात वापरायचा, दुसरा पाठीमागे. दोघांनी मिळून पोत्याचं तोंड बांधायचं. पहिल्या फेरीत बोलायचं नाही. दुसऱ्या फेरीत हवं तितकं बोला."

त्यांच्या हातात स्टॉपवॉच होतं. भिंतीला टेकवलेल्या फळ्यावर त्यांनी दोन रकाने आखले. दुसऱ्या रकान्यातला आकडा नेहमी लहान येतो, हे त्यांना इतक्या वर्गांनंतर ठाऊक झालं होतं.

राईस मिलमधली बारा माणसं धानाच्या थप्पीसमोर उभी होती. हजेरीपटात ज्यांचं काम जोडीचं, त्यांची साहेबांनी जोडी लावली. हलर या धान सडायच्या यंत्रापुढे पटात अजून खुशाल आणि टिकाराम हीच नावं होती.

"दुसरा हात मागे घ्या," साहेब टिकारामला म्हणाले.

"माहा पयलेच गेला हाय, साहेब."

टिकारामच्या उजव्या बाहीची कोपरापासून घडी घालून तिला पिन लावलेली होती. बायका हसल्या आणि लगेच खाली बघू लागल्या. साहेबांनी फळ्याकडे तोंड फिरवलं.

सुंदरबाई आणि तिच्या जोडीदारणीला न बोलता सव्वीस सेकंद लागले. दुसऱ्या फेरीत सुंदरबाई ओरडली, "वढ ना वो बाई, नव्या नवरीवानी काहून उभी हायस!" एकोणीस सेकंद. साहेब खूश झाले.

मग खुशाल आणि टिकाराम. खुशालनं पोत्याचं तोंड गोळा केलं तेवढ्यात टिकारामनं डाव्या हातानं सुतळीचा वेढा टाकला. खुशालनं टोक पकडलं, दोघांनी एकदम ओढलं. अकरा सेकंद. एकानंही दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

"वा!" साहेब म्हणाले. "सराव दिसतो."

"दीड वर्साचा सराव हाय, साहेब," सुंदरबाई म्हणाली.

दीड वर्षापूर्वी दिघोरीच्या शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, टिकाराम चार लोकांत म्हणाला होता की खुशालचा डावा बैल लंगडतो. त्या दिवसापासून अबोला. कामाचं मात्र सांगावंच लागे. खुशाल भिंतीच्या अलीकडे मोटारीच्या खटक्यापाशी, टिकाराम पलीकडे हलरच्या पट्ट्यापाशी, आणि मधल्या दारात म्हातारा कवडू पोती शिवत बसलेला.

"कवडूभाऊ, त्याले इचारा, पट्टा चढला का."

"कवडूभाऊ, त्याले सांगा, चढला."

अंतर आठ फूट. दोघांना एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकू येई. तरी कवडूनं सांगेपर्यंत कोणी हलत नसे. मिलमध्ये कवडूला तारबाबू म्हणत.

गेल्या मार्गशीर्षात कवडू बहिणीच्या तेरवीला एकोडीला गेला. त्या दिवशी लाईन गेली. मशीन थांबलंच आहे तर म्हणून टिकारामनं सैल पट्टा चढवायला घेतला. लाईन आली. खुशालनं सवयीनं रिकाम्या दाराकडे तोंड करून म्हटलं, "त्याले सांगा, चालू करून राहिलो." तो जरा थांबला. पलीकडून काही आलं नाही. त्यानं खटका दाबला.

तेव्हापासून त्याला टिकारामला एकच गोष्ट विचारायची होती. ते वाक्य पलीकडे गेलं होतं का? मोटार बंद होती, हलर बंद होतं, म्हणजे जायला हवं होतं. पण आपण किती जोरात बोललो, हेच त्याला आठवत नव्हतं. टिकाराम आता फाटकावर चौकीदार होता. रोज सकाळी त्याच्यासमोरून आत जाताना खुशालला वाटे, आज विचारू. कवडूनं तर निरोप नेणंच सोडलं होतं. "माह्याच्यानं होत नाही आता," एवढंच तो म्हणाला होता.

"आता बोलायची फेरी," साहेब म्हणाले आणि त्यांनी घड्याळाचं बटण दाबलं.

खुशालनं पोत्याचं तोंड धरलं. टिकारामच्या बोटांत सुतळी होती. दोघं तसेच उभे राहिले. दहा सेकंद गेले. वीस गेले.

"बोला ना," साहेब म्हणाले. "आता मोकळीक आहे."

खुशालनं मान वळवून थप्पीच्या कडेला बसलेल्या कवडूकडे पाहिलं.

"कवडूभाऊ, त्याले इचारा... त्या दिशी आयकू आलं होतं का."

सुंदरबाईनं तोंडाला पदर लावला. कवडू आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला.

टिकाराम पोत्याकडे बघतच बोलला.

"कवडूभाऊ, सांगा त्याले. आलं होतं. हात पट्ट्यातच होता माहा. थांब म्हनाचं होतं." सुतळीचं टोक त्यानं बोटाला गुंडाळलं, पुन्हा सोडलं. "पन मंग पयले मीच बोललो असतो."

साहेबांनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्यांना काही कळलं नाही. घड्याळ चालू होतं.

कवडूनं तोंड उघडलं. "तो म्हनते..." म्हणाला आणि थांबला.

खुशालला सगळं ऐकू आलं होतं. तरी तो पोत्याचं तोंड मुठीत धरून कवडूकडे बघत उभा राहिला, कवडू पुढचं सांगेल म्हणून.