गलबत सॉसची शेवटची बाटली

कावळे टाकीवर ओळीने बसले होते, पण पानाकडे एकही ढुंकून बघत नव्हता.

घाटकोपरच्या त्या बिल्डिंगच्या गच्चीवर सहदेवच्या म्हाळाचं पान मांडलं होतं. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भोपळ्याची भाजी, खीर, सगळं साग्रसंगीत. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. म्हणून सहदेवची बायको जानकी, धाकटा भाऊ लवू आणि लवूची बायको सुगंधा भर दुपारच्या उन्हात ताटकळत उभी होती. लवूने तोंडाने काव काव करून पाहिलं. मग हात जोडून, गावच्या देवळात घालतात तसं गाऱ्हाणंच घातलं.

"दादा, काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल. वैनीक मी सांभाळतंय, तिका काय कमी पडूक देवचंय नाय. आता ये नि घास घे."

एका कावळ्याने चोच टाकीला घासली. बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

"जीव अडकलाय कशात तरी," लवू म्हणाला, आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "वहिनी, ती बाटली! गलबत सॉसची. तुझ्याकडे आहे ना एक?"

जानकीने सुगंधाकडे पाहिलं. सुगंधाने मान खाली घातली. तिच्या पोटात काही म्हणून राहत नसे.

हा सॉस मरोळच्या एका शेडमध्ये तयार व्हायचा. कोकम, गूळ, लाल मिरची आणि भरपूर लसूण. काळपट, दाट, आणि लेबलावर शिडाचं गलबत. रविवारी सहदेव याच गच्चीवर शेगडी पेटवायचा, निखाऱ्यांवर बांगडे ठेवायचा आणि नारळाच्या शेंडीने त्यांना सॉस चोपडायचा. अख्ख्या बिल्डिंगभर वास सुटायचा. आधी पुरुषांची पंगत बसायची. बायकांची पाळी येईपर्यंत बांगड्यांची डोकी उरलेली असायची आणि बाटली रिकामी. मग जानकी बाटलीत घोटभर पाणी घालून हलवायची आणि ते पाणी भातावर ओतून घ्यायची. तिला सॉस द्यायचा नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. कुणाच्या लक्षातच यायचं नाही, इतकंच. तिनेही कधी तोंड उघडलं नाही, आणि आता तिला सगळ्यात जास्त राग त्याचाच येत होता.

सहदेव गेला. पाठोपाठ ती शेडही बंद पडली. बाजारात लाल, गुळमट टोमॅटो सॉस आले, ते जानकीला औषधासारखे लागत. त्या विसळलेल्या पाण्याची चव काही जिभेवरून जाईना. शेवटी कुर्ल्याच्या एका वाण्याच्या फळीवर धूळ खात पडलेली ही एक बाटली तिने हुडकून आणली होती. म्हाळासाठी मुळीच नाही.

"त्यात लसूण असतो, भावोजी," ती म्हणाली. "सकाळी फोडणीत लसूण पडला म्हणून सुगंधाला केवढं बोललात तुम्ही."

"ते वेगळं गं. दादाची इच्छा आहे म्हटल्यावर चालतं सगळं. जा, घेऊन ये."

जानकी खाली गेली. परत आली तेव्हा एका हातात बाटली होती आणि दुसऱ्या हातात वड्यांची ताटली. लवूने हात पुढे केला. तिने बाटली दिली नाही. कठड्याच्या कडेवर बूच टेकवून फट्कन उडवलं.

वास आला आणि रविवारच आला गच्चीवर. धुराने डोळे बारीक करून शेगडीशी वाकलेला सहदेव तिला स्पष्ट दिसला. तिला भरून आलं. त्या क्षणी तिला नवरा हवा होता, फार हवा होता. आणि तिला भूकही लागली होती.

तिने वड्यावर सॉस ओतला आणि सरळ तोंडात घातला.

आंबट, मग गोड, मग थेट कानापर्यंत जाणारा मिरचीचा जाळ. त्या पाण्यातून यातलं निम्मंसुद्धा कळलं नव्हतं.

"वहिनी!" लवू ओरडला. "डोकं फिरलं काय तुझं? कावळा शिवला नाही अजून! आधी दादा!"

"दादा आधीच जेवायचे, भावोजी. कायम."

"अगं, पण शेवटची बाटली आहे ती!"

"म्हणून तर."

तिने तिथेच गच्चीवर बसकण मारली आणि दुसऱ्या वड्यावर सॉस घातला. सुगंधाने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा बाटलीकडे. मग साडी सावरून तीही जानकीशेजारी मांडी घालून बसली.

"ताई, मलापण घाल ना. जरा जास्त घाल."

लवूचं पोट गुरगुरलं, ते तिघांनाही ऐकू आलं.

तेवढ्यात टाकीवरचा एक कावळा खाली उतरला. मांडलेलं पान सोडून तिरक्या उड्या मारत तो जानकीपाशी आला आणि मान वाकडी करून बाटलीकडे बघू लागला. लवूने घाईघाईने हात जोडले.

"आला! वहिनी, दादा आला! घाल त्याला, लवकर घाल!"

जानकीने बाटली मांडीजवळ ओढून घेतली. डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि नवऱ्याशी बोलायची त्याच मऊ आवाजात कावळ्याला म्हणाली,

"थांबा जरा. बायकांची पंगत बसलीय."