घरपोच पडताळणी

"शी! काय माणसं राहतात इथं!" दिनकररावांनी नाकाला रुमाल लावला आणि वालूरच्या त्या बोळातलं तुंबलेलं गटार ओलांडलं.

दिनकरराव तहसिलीत निराधारांच्या पगाराचं टेबल सांभाळत. यंदा वरून नवी पद्धत आली होती. म्हाताऱ्यांनी खेटे घालायचे नाहीत, कारकुनानं त्यांच्या दारात जायचं, मोबाइलवर तोंड टिपायचं आणि ओळख पटली की माणूस हयात, पगार चालू. डोळे मिटलेले चालत. मान हललेली मात्र चालत नसे.

नेमकी सुलाबाईंची मान कंपवातानं सारखी हलायची. तहसिलीत सून सुकेशनी दोन्ही हातांनी सासूचं डोकं धरून ठेवायची, तरी मोबाइल नाहीच म्हणायचा. पगार बंद, त्यासोबत गोळ्याही बंद. "म्हातारीचे नखरे घरी ठेवून येत जा," असं दिनकररावांनी तिला चारचौघांत सुनावलं होतं. किळस यावी असा माणूस!

आज मात्र गरज त्यांची होती. तालुक्यात एवढं एकच नाव अडलं होतं. ते निघालं की दिनकररावांचा जिल्ह्याला सत्कार.

अंगणात ही गर्दी. बाया भिंतीला टेकून बसलेल्या, कडेला तीन दगडांवर मोठ्या पातेल्यात पाणी तापत होतं. आपण येणार म्हणून गल्ली लोटली, असं वाटून दिनकरराव मनातून फुलले.

"चहाबिहा काही नको हं. तुमची भांडी बघूनच पोट भरलं."

सुलाबाईंचा मुलगा सिद्धोधन पुढं आला. डोळे लालभडक. "साहेब, जरा ऐका, आई..."

"सकाळीच लावून आलास काय रे? गप! तुझ्या बडबडीनं म्हातारी हलली तर परत येणार नाही मी."

त्याला वळसा घालून दिनकरराव आत शिरले.

आत अंधार होता. सुलाबाई सतरंजीवर उताण्या पडल्या होत्या.

"हां, असं शहाण्यासारखं पडायचं, आजी!" दिनकररावांनी दोन हात लांबूनच मोबाइल धरला. पहिल्याच झटक्यात हिरवी खूण उमटली. ओळख पटली. हयात.

"बघा! तहसिलीत उगाच नाटकं चालली होती." ते खुशीत वळले. "अरे, पगार चालू झाला, आता तरी हसा की!"

सुकेशनीनं तोंडात पदर कोंबला. सिद्धोधन उंबऱ्यात आला.

"झालं असंल तर बाजूला व्हा, साहेब. आई पहाटंच गेली. उचलायची येळ व्हायलीय."