उपयोगी पट्ट्या

लॅपटॉपवर कॅनडातल्या नातीचं बारसं चाललं होतं आणि हौसाबाईंना दिसत होती फक्त पाळण्याची दोरी. वरचा सगळा पडदा एकीखाली एक बसलेल्या पट्ट्यांनी खाल्ला होता. शोधायची पट्टी, हवामानाची, राशिभविष्याची, सवलतींची.

“एवढ्या कोणी लावल्या?” नवऱ्यानं, धोंडीरामनं विचारलं.

“मीच. ‘फार उपयोगी आहे, लावू का?’ असं यायचं. मी म्हणायचे, लाव.” साठीत अक्षरं शिकलेल्या हौसाबाई समोर येईल ते वाचत आणि वाचलेल्याला मान देत. इतक्या अदबीनं त्यांना आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं.

“हवामानाची कशाला? घराला खिडकी आहे की.”

“टोमणे नकोत. काढा आधी.”

“तुझी पाहुणेमंडळी. तूच घालव.”

त्या एक पट्टी काढायला गेल्या, तर ती म्हणाली, ‘काढण्याआधी पुन्हा विचार करा.’ हौसाबाई खरंच विचार करत बसल्या. तेवढ्यात तिकडे आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं.

रागानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “जा,” त्या पट्टीला म्हणाल्या. मग दुसरीला, तिसरीला. शेवटची गेली तेव्हा बायका घुगऱ्या वाटत होत्या आणि पाळणा अख्खा दिसत होता, रिकामा.

“आई, पाहिलंस ना नीट?” लेकीनं विचारलं.

“नाही,” हौसाबाई म्हणाल्या. “काही पाहिलं नाही. तिला पुन्हा पाळण्यात घाल.”