नानकटाईची खालची बाजू

सोसायटीच्या फराळाच्या टेबलावर मृदुलाने नेहमीप्रमाणे नानकटाया काळी बाजू खाली करून मांडल्या. सात दिवाळ्या त्या अशाच करपत होत्या आणि दर वेळी शेजारची हेमा तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, "जाऊ दे गं, तुझा हात चिवड्याला चांगला."

बाजूलाच तळमजल्यावरच्या नव्या सुनेचं ताट होतं. तिच्या नानकटाया खालून-वरून एकसारख्या बदामी.

"पहिल्यांदाच केल्यास ना? इतक्या छान कशा जमल्या गं?" मृदुलाला राहवलं नाही.

"हेमाकाकूंनी सांगितलं! ओव्हन पंख्याचा असेल तर एकशेसाठवरच ठेव, एकशेऐंशीवर हमखास करपतात म्हणाल्या."

मृदुलाचा हात ताटावरच थबकला. तिचा आणि हेमाचा ओव्हन एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेला, पंख्याचाच. हेमाने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेली कृती अजून तिच्या फ्रीजवर चिकटवलेली होती. एकशेऐंशी. आकड्याखाली दोन रेघा. वर बजावलंही होतं, "आच कमी केलीस तर तूप सुटेल हं!" आणि मृदुला सात वर्षं स्वतःच्याच हाताला बोल लावत राहिली.

तेवढ्यात हेमा बशी घेऊन आली आणि हळहळली, "यंदाही करपल्या का गं? जाऊ दे, तुझा हात..."

मृदुलाने एक नानकटाई उचलली आणि काळी बाजू वर करून हेमाच्या बशीत ठेवली.

"खा. तुझ्याच हातची आहे."