पक्क्या विटांचा तुरुंग

दहशतवाद्यांशी लढायला सरकार जन्मठेपेचे कैदी बाहेर काढतं, अशा एका हिंदी मारधाडीच्या सिनेमासाठी हिंजवडीजवळच्या नेरे गावात बहिरू नावाच्या शेतकऱ्याच्या रानात तुरुंग उभा राहिला. बहिरूने जागेचं भाडं घेतलं नाही. अट एकच घातली, "प्लायवूडचं सोंग नको, पक्क्या विटांत बांधा."

दिग्दर्शक मात्र शेवटपर्यंत कुरकुरत होता. कैदी म्हणून उभी केलेली गावातली पोरं दुधातुपावर पोसलेली, बेड्या घालूनही खिदळायची. "अरे, चेहऱ्यावर जन्मठेप दिसू दे!" म्हणत तो कपाळाला हात लावायचा.

शूटिंग आटोपलं तसा बहिरूने कोठड्यांना चुना फासला, पंखे टांगले आणि हिंजवडीत आयटीला जाणाऱ्या पोरांना त्या खोल्या म्हणून भाड्याने दिल्या. गज तेवढे राहू दिले. हवा खेळती राहती, म्हणाला.

सिनेमा तुफान चालला. दुसऱ्या भागासाठी दिग्दर्शक पुन्हा नेऱ्यात आला, तेव्हा ऑफिसातून परतलेली पोरं गळ्यात ओळखपत्रं, हातात बादल्या घेऊन नळापाशी मुकाट रांगेत उभी होती. हा आता कोठड्या रिकाम्या करायला लावतो, या भीतीने बहिरू घाईघाईने पुढे झाला. पण दिग्दर्शक रांगेकडे बघतच राहिला.

"हे कैदी कुठून मिळवलेत हो? आता यांना सोडू नका!"



बहिरूचा जीव भांड्यात पडला. "कुटं जात्यात साहेब? अकरा महिन्यांचा करार हाय."